त्यांच्या नावाने, त्यांना वगळून

अमेरिकेचे आरोग्यमंत्री रॉबर्ट एफ. केनेडी ज्युनियर 16 एप्रिल 2025 रोजी पत्रकारांसमोर आले. देशातल्या आठ वर्षांच्या दर 31 मुलांमागे एकाला ऑटिझम असल्याची सरकारी आकडेवारी आदल्याच दिवशी प्रसिद्ध झाली होती. तिच्यावर बोलताना ते म्हणाले की ऑटिझम कुटुंबं उद्ध्वस्त करतो. ही मुलं कधी कर भरणार नाहीत, नोकरी करणार नाहीत, बेसबॉल खेळणार नाहीत, कविता लिहिणार नाहीत. टीकेचा भडिमार झाल्यावर त्यांनी खुलासा केला, की आपण फक्त गंभीर स्वरूपाचा ऑटिझम असलेल्या, न बोलणाऱ्या मुलांविषयी बोलत होतो. या खुलाशाने मूळ विधान अधिकच वाईट ठरतं. ज्याला शब्द फुटत नाहीत, ज्याला शौचालयात जायलाही आधार लागतो, तो पूर्ण माणूस आहे. तो कर भरतो की नाही यावरून त्याचं मोल करणं कुणालाच शोभत नाही. ज्याच्या हाती देशाचं आरोग्य सोपवलं आहे, त्याला तर मुळीच नाही.

वॉशिंग्टनमधल्या या विधानाची दखल मराठी वाचकाने घ्यायला हवी. ऑटिझमविषयी तिथे जे बोललं जातं, ते बघता बघता पुण्या-मुंबईतल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर येऊन पोहोचतं. तिथे पेरलेली भीती इथे उगवते. आणि भीती हीच या क्षेत्रातली जुनी दुखरी नस आहे. गेल्या ऐंशी वर्षांत ऑटिझमच्या नावाने मोठी झालेली अनेक माणसं आणि संस्था पालकांच्या भीतीवर मोठी झाली, आणि ज्यांच्या नावाने ती बोलत राहिली, त्या ऑटिस्टिक माणसांना त्यांनी क्वचितच काही विचारलं. टीका करायची ती नेमकी याच जागी करायला हवी.

आधी त्या आकड्याबद्दल. 31 मुलांमागे एक हा आकडा साथीच्या रोगाचा नाही. केनेडी मात्र त्याला साथच म्हणतात, आणि निदानाच्या पद्धती बदलल्यामुळे आकडा वाढला असं म्हणणाऱ्यांना त्यांनी त्या दिवशी फटकारलं. पण 1980 नंतर ऑटिझमची व्याख्या टप्प्याटप्प्याने रुंदावत गेली हे उघड आहे. 1994 मध्ये अमेरिकी निदानसूचीत अ‍ॅस्पर्गर सिंड्रोमचा समावेश झाला आणि 2013 मध्ये हे सगळे प्रकार एका ‘स्पेक्ट्रम’खाली आले. लहानपणीच चाचणी करण्याची पद्धत रुजली. ज्या मुलींकडे, ज्या गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांकडे पूर्वी डॉक्टरांचं लक्षच जात नव्हतं, त्यांचंही निदान होऊ लागलं. वाढीचा मोठा वाटा या बदलांचा आहे. पूर्वीही ही माणसं होतीच. त्यांना मतिमंद, वेडसर, हट्टी, विक्षिप्त म्हटलं जाई. आज त्यांची गणना होते आहे, ही खरं तर चांगली बातमी आहे. ती आपत्ती म्हणून सांगितली की मग दोषी शोधावा लागतो.

दोषी म्हणून पहिल्यांदा उभी केली गेली ती आई. बाल्टिमोरचे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये 11 मुलांचं बारकाईने वर्णन करून ऑटिझमला वैद्यकशास्त्रात जागा दिली, हे त्यांचं मोठं काम. पण पुढे 1949 मध्ये त्यांनीच या मुलांच्या घरातल्या थंडपणाला रेफ्रिजरेटरची उपमा दिली. शिकागोत मुलांची शाळा चालवणाऱ्या ब्रूनो बेटलहाइम यांनी 1967 च्या आपल्या पुस्तकात हा आरोप टोकाला नेला आणि मुलांच्या अवस्थेची तुलना छळछावणीतल्या कैद्यांशी केली. ते स्वतः नाझींच्या दोन छावण्यांत राहून आले होते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन आलं. पुरावा मात्र नव्हता. आपल्या मायेत काही कमी पडलं म्हणून मूल असं झालं, असं डॉक्टरांच्याच तोंडून ऐकत असंख्य आया जगल्या. बेटलहाइम 1990 मध्ये वारले, आणि त्यांच्या शिकागोच्या शाळेत शिकलेल्या काहींनी तिथल्या मारहाणीच्या कहाण्या जाहीर केल्या. तोवर जग त्यांना मुलांचं मन जाणणारा थोर माणूस समजत होतं.

आईवरचा हा आरोप मोडून काढला तो एका बापाने. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा ऑटिस्टिक होता. 1964 च्या पुस्तकात त्यांनी ऑटिझमचं मूळ शरीरात, मेंदूच्या घडणीत आहे, हे सप्रमाण मांडलं. पालकांवरचं केवढं मोठं ओझं त्यांनी उतरवलं! पण पुढच्या काळात हेच रिमलँड लशींवर संशय घेणाऱ्यांच्या आणि न तपासलेल्या उपचारांच्या बाजूने उभे राहिले. एकदा बरोबर ठरलेला माणूस प्रत्येक वेळी बरोबर नसतो. म्हणून माणसाच्या पुण्याईकडे न पाहता त्याचं प्रत्येक विधान पुराव्यावर तपासावं लागतं.

ही तपासणी न झाल्याची किंमत अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरने जगाला मोजायला लावली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात फेब्रुवारी 1998 मध्ये त्यांचा निबंध आला. त्यात मुलं होती फक्त 12. तेवढ्यावरून गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लशीवर संशयाची सुई रोखली गेली. ब्रायन डीयर या पत्रकाराने वर्षानुवर्षं खणून जे बाहेर काढलं ते भयंकर होतं. लस बनवणाऱ्या कंपन्यांविरुद्ध दावा तयार करणाऱ्या वकिलाकडून वेकफिल्ड पैसे घेत होते. स्वतःच्या मुलाच्या वाढदिवसाला आलेल्या मुलांचं रक्त त्यांनी पाच-पाच पौंड देऊन काढून घेतलं होतं. 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ने निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांचं नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून खोडलं गेलं. दरम्यान इंग्लंडमध्ये ही लस घेणाऱ्या बालकांचं प्रमाण 80 टक्क्यांच्या आसपास घसरलं होतं. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या सोमाली वस्तीत वेकफिल्ड स्वतः जाऊन बोलले. तिथल्या मुलांमधलं लसीकरण 2004 मधल्या 92 टक्क्यांवरून दहा वर्षांत 42 टक्क्यांवर आलं आणि 2017 मध्ये गोवर उसळला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची पाहणी झाली. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत लशीचा आणि ऑटिझमचा काही संबंध आढळला नाही. असं असूनही नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने आपल्या संकेतस्थळावरचा मजकूर बदलला आणि लशींमुळे ऑटिझम होत नाही हे विधान पुराव्याला धरून नसल्याचं लिहिलं. हे खातं केनेडी यांच्या हाताखाली चालतं. ज्या सरकारी संस्थेच्या शब्दावर जगभरचे डॉक्टर विसंबतात, तिने असं लिहिणं हा लोकांच्या विश्वासाचा घात आहे.

त्याआधी दोन महिने, 22 सप्टेंबर 2025 रोजी, राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी केनेडींना शेजारी उभं करून गरोदर स्त्रियांना सांगितलं की टायलेनॉल घेऊ नका, सहन करा. टायलेनॉल म्हणजे पॅरासिटामॉल. आपल्याकडे क्रोसिन म्हणून घराघरात असते तीच गोळी. गोळी आणि ऑटिझम यांचा संबंध काही पाहण्यांत दिसला होता, हे खरं. पण स्वीडनमध्ये सुमारे 25 लाख मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, एकाच आईच्या पोटच्या भावंडांची तुलना केली गेली, तेव्हा हा संबंध टिकला नाही. 2024 मध्ये हे प्रसिद्धही झालं होतं. गरोदरपणात अंगात ताप मुरवत ठेवणं गर्भाला धोक्याचं असतं, हे साध्या दवाखान्यातला डॉक्टरही सांगेल. तरीही उपदेश दिला गेला, आणि पुन्हा एकदा बोट वळलं ते आईकडेच. आता लाखो स्त्रिया आठवत बसतील, त्या नऊ महिन्यांत मी किती गोळ्या घेतल्या? आपल्याकडे या प्रश्नाचं रूप वेगळं असतं. ‘तू नोकरी सोडली नाहीस’, ‘जेवताना तूच हातात मोबाइल दिलास’, असं सासरची माणसं सुनेला ऐकवतात. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हे नाव घेऊन काही डॉक्टरही त्यात भर घालतात. हे नाव कोणत्याही मान्य निदानसूचीत नाही. मोबाइलचा अतिरेक मुलांना वाईटच. पण त्याने ऑटिझम होतो असं आईच्या तोंडावर सांगणं म्हणजे कॅनर-बेटलहाइम यांची चूक मराठीत पुन्हा करणं आहे.

माणसांइतकीच संस्थांचीही झाडाझडती घ्यायला हवी. ‘ऑटिझम स्पीक्स’ ही या क्षेत्रातली जगातली सर्वांत वजनदार संस्था. एनबीसी वाहिनीचे प्रमुख राहिलेले बॉब राइट आणि त्यांच्या पत्नी सुझन यांनी नातवाच्या निदानानंतर 2005 मध्ये ती स्थापन केली. तिने केलेलं चांगलं काम नाकारायचं कारण नाही. उपचारांचा खर्च विमा कंपन्यांनी द्यावा यासाठी राज्याराज्यांत कायदे व्हायला तिच्या पाठपुराव्याचा उपयोग झाला. पण 2006 मध्ये तिने पुढे आणलेला माहितीपट पाहा. त्यात संस्थेच्या तेव्हाच्या पदाधिकारी अ‍ॅलिसन सिंगर कॅमेऱ्यासमोर सांगतात, की ऑटिस्टिक मुलीला गाडीत घालून पुलावरून गाडी खाली घालावी असा विचार एकदा मनात आला होता. ती मुलगी त्या वेळी त्याच खोलीत होती. थकलेल्या आईच्या मनात काय येतं, ते तिने विश्वासाच्या माणसाजवळ बोलावंच. तिची निंदा करायचा अधिकार कुणाला नाही. दोष आहे तो ते बोलणं मुलीच्या देखत टिपून निधी गोळा करायला वापरणाऱ्या संस्थेचा. याच सिंगर यांनी 2009 मध्ये, लशींवरच्या संशोधनात आता आणखी पैसा घालवू नये म्हणून संस्था सोडली, याचीही नोंद करायला हवी.

त्याच 2009 मध्ये संस्थेने आणखी एक लघुपट काढला. त्यात एक भेसूर आवाज स्वतःला ऑटिझम म्हणवून घेतो आणि तुमचा संसार मोडीन, तुमचा पैसा संपवीन अशी धमकी देतो. घरात बसून तो पाहणाऱ्या ऑटिस्टिक मुलाला त्यातून एवढंच कळतं, की घरावर आलेलं संकट म्हणजे मीच. 2013 मध्ये सुझन राइट यांनी असाच भीतीने भरलेला लेख लिहिला, तेव्हा संस्थेच्या वैज्ञानिक मंडळावरचे जॉन एल्डर रॉबिसन यांनी राजीनामा दिला. रॉबिसन हे लेखक, आणि स्वतः ऑटिस्टिक. संचालक मंडळावर ऑटिस्टिक माणसं आली ती 2015 च्या अखेरीस, म्हणजे स्थापनेनंतर दहा वर्षांनी. ऑटिझम ‘बरा करणं’ हे शब्द ध्येयवाक्यातून 2016 मध्ये गेले. हा बदल संस्थेच्या कार्यालयात आपोआप सुचला नाही. स्वतः ऑटिस्टिक असलेल्या जिम सिंक्लेअर यांनी 1993 मध्येच पालकांना सांगितलं होतं, की कल्पनेतल्या मुलासाठी शोक करायचा तर करा, पण समोर उभ्या असलेल्या आम्हा मुलांसाठी रडू नका. 2006 मध्ये ऑटिस्टिक माणसांनी स्वतःची संघटना उभारली आणि ती वर्षानुवर्षं भांडत राहिली. टीका करणाऱ्यांना तेव्हा आक्रस्ताळे, कृतघ्न म्हटलं गेलं. आज संस्था त्यांचीच भाषा बोलते.

टीका कठोरच लागते, असं अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या जज रोटेनबर्ग सेंटरच्या इतिहासावरून म्हणावं लागतं. या निवासी संस्थेत ऑटिझम आणि इतर अपंगत्व असलेल्यांना ‘वागणूक सुधारण्यासाठी’ अंगावर बांधलेल्या यंत्रातून विजेचे झटके दिले जातात. 2002 मध्ये एका तरुणाला बांधून ठेवून काही तासांत 31 झटके दिले गेले. त्याची चित्रफीत 2012 मध्ये न्यायालयात दाखवली गेली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2020 मध्ये हे यंत्र बंद केलं, न्यायालयाने 2021 मध्ये बंदी उठवली, 2022 मध्ये संसदेने कायदा बदलून प्रशासनाचे हात मोकळे केले आणि 2024 मध्ये बंदीचा नवा प्रस्ताव आला. एका छळाला थांबवायला इतकी वर्षं लागतात, कारण ज्यांच्या अंगावर झटके बसतात त्यांच्या साक्षीला किंमत नसते आणि हताश पालकांच्या संमतीला असते.

पालकांची हताशा खोटी नाही, हे ऑटिस्टिक कार्यकर्त्यांनीही मानायला हवं. स्वतःचं डोकं भिंतीवर आपटणाऱ्या, रात्र रात्र न झोपणाऱ्या, वीस वर्षांचं होऊनही एकट्याला सोडता न येणाऱ्या मुलाच्या आईला ‘हा आजार नाही, वेगळेपण आहे’ एवढंच सांगून भागत नाही. तिचा प्रश्न एकच असतो, आमच्या माघारी याचं काय? त्याचं उत्तर माणसांच्या, घरांच्या, पैशाच्या व्यवस्थेतून यावं लागतं. पण याच कारणाने भीतीचा धंदा अधिक निंद्य ठरतो. कारण कोणतं, दोषी कोण, गोळी की लस, यावर जो पैसा आणि जी वर्षं गेली, ती या आईच्या प्रश्नावर खर्च झाली नाहीत.

आपल्याकडे या भीतीचा बाजार स्टेम सेलच्या रूपाने भरला आहे, आणि त्याची मोठी पेठ महाराष्ट्रातच आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांखेरीज इतर आजारांत स्टेम सेलचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. ऑटिझमसाठी हा उपचार सुचवणं वा त्याची जाहिरात करणं हे व्यावसायिक गैरवर्तन मानावं, अशी भूमिका राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने 2022 च्या डिसेंबरात घेतली. तरी मुलाच्या कमरेतून किंवा कण्यातून सुई घालून लाखोंची बिलं करणारे दवाखाने चालले. पालक दागिने विकतात, कर्ज काढतात. अशा दवाखान्यांच्या कार्यक्रमांना पाहुणे म्हणून जाणाऱ्या आणि त्यांच्या जाहिराती छापणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला जाब विचारावा. मूल सुधारलं असं सांगणारे आई-बाप खोटं बोलत नसतात. मुलं वाढत्या वयानेही शिकतात, बाकीच्या थेरपीही चालू असतात, आणि एवढा पैसा ओतल्यावर मन सुधारणा शोधतंच. त्यासाठीच तुलनेची शास्त्रीय चाचणी लागते, आणि ती करण्याआधीच पैसे घेणं ही फसवणूक आहे.

आपला कायदा मात्र कागदावर बराच पुढे आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझमचं नाव आहे, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तो 21 प्रकारांत मोजला आहे आणि सरकारी नोकरीतल्या आरक्षणातही त्याला वाटा आहे. त्या वाट्याच्या किती जागा भरल्या, किती शाळांनी वर्गात मुलासोबत बसणाऱ्या शॅडो टीचरचा खर्च पालकांवर न लादता प्रवेश दिला, किती जिल्ह्यांत प्रमाणपत्रासाठी लागणारा तज्ज्ञ खरोखर हजर असतो, हे प्रश्न दर 2 एप्रिलला, जागतिक ऑटिझम दिनाला, व्यासपीठावरून विचारले जायला हवेत. त्या दिवशी इमारतींवर निळे दिवे लागतात, भाषणं होतात, मुलांना नाचायला उभं केलं जातं. समोरच्या गोंगाटाने त्यातलं एखादं मूल कान झाकून घेतं, आणि कार्यक्रम तसाच पुढे चालू राहतो.

ऑटिझमच्या नावाने बोलणाऱ्या प्रत्येक मंत्र्याला, डॉक्टरला, कलावंताला आणि संस्थेला मराठी समाजाने यापुढे चार गोष्टी विचाराव्यात. तुमच्या निर्णय घेणाऱ्या मंडळावर ऑटिस्टिक माणसं किती आहेत, आणि त्यांचं मत मोजलं जातं का? जमवलेल्या पैशातला किती भाग आज जगत असलेल्या माणसांच्या शिक्षणावर, रोजगारावर, निवाऱ्यावर जातो? तुमच्या उपचाराचा पुरावा कुठे छापून आला आहे आणि तो तुमच्याशी आर्थिक संबंध नसलेल्या कुणी तपासला आहे का? आणि तुमची जाहिरात एखाद्या ऑटिस्टिक मुलाने शेजारी बसून पाहिली, तर त्याला स्वतःबद्दल काय वाटेल? उत्तरं देणाऱ्यांच्या पाठीशी पैसा, वेळ आणि नाव घेऊन उभं राहावं. जे देत नाहीत, त्यांना देणगी देऊ नये, सत्कार करू नये, दिवाळी अंकात पान देऊ नये. मुलांच्या नावाने मोठं होणाऱ्यांकडून मुलांचा हिशेब मागणं हे आपलं काम आहे, आणि ते आपण फार दिवस टाळलं आहे.